पौर्णिमेचा पाव

परदेशातल्या हॉटेलात उतरलो की पाहुणे खोलीची किल्ली मागतात आणि मी विचारतो, स्वयंपाकघर कुठं आहे? माझं जग पाहणं हे असं मागच्या दारानं झालं. सिंगापूर म्हणजे माझ्यासाठी एक निसरडी फरशी, बाली म्हणजे बुटका ओटा, दुबई म्हणजे भांडी विसळायचं गरम पाण्याचं पिचकारीसारखं यंत्र. समोरच्या दारानं काय दिसतं ते मी लोकांच्या मोबाइलमध्ये पाहतो.

मी टूरचा महाराज आहे. हा धंदा फारसा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. गोंदिया, तिरोडा, बालाघाटकडचे दुकानदार वर्षभर खत, सिमेंट, पाण्याचे पंप विकतात. माल भरपूर खपला की कंपनी त्यांना कुटुंबासह विमानात बसवून फिरवून आणते. यातली बरीच मंडळी पक्की शाकाहारी. समुद्र परदेशी चालतो, डोंगर परदेशी चालतो, जेवण मात्र घरचं लागतं. म्हणून टूरवाला सोबत एक स्वयंपाकीही पाठवतो. कुकर, तवा, मसाले, भाजलेला रवा, डाळी, खाकरे, थेपले असं सगळं घेऊन तो निघतो. हॉटेलवाले त्यांच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा पहाटे देतात, त्यांचा नाश्ता सुरू व्हायच्या आत आपलं उरकायचं. तिथल्या आचाऱ्यांची भाषा येत नाही. हातवारे आणि हसू, एवढ्यावर काम चालतं.

मी जातीनं पोवार. गाव दवनीवाडा, घरी धानाची शेती. पण गोंदियात ज्याच्या हाती शाकाहारी कढई, त्याला लोक महाराज म्हणतात. आमचे पूर्वज माळव्यातून आले तेव्हा हाती तलवार होती, असं आजोबा सांगायचे. मी झारा घेऊन निघालो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. तिरोड्याच्या एका शेठना सिंगापूरच्या आकाशपाळण्यातून खाली समुद्र दिसत होता आणि ते मला फोनवर विचारत होते, ‘महाराज, पोहे पर तर्री डालोगे ना?’ बालीत मी डाळीला फोडणी दिली तर छतातलं यंत्र किंचाळायला लागलं आणि सगळं हॉटेल रस्त्यावर आलं. कुणी टॉवेलात, कुणी साबणाच्या फेसात. आगीचा बंब आला. शिरस्त्राण घातलेला जवान धावत आत शिरला, कढईत डोकावला, वास घेतला आणि मला अंगठा दाखवून परत गेला. आमचे एक काका रस्त्यावरूनच ओरडले, ‘दाल जली तो नहीं ना, महाराज?’

हे सगळं हसण्यावारी जातं. पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि तीच मला सांगायची आहे. ती एका पावाची आहे.

व्हिएतनामला मी पहिल्यांदा गेलो ते किशोरभाईंच्या टोळीबरोबर. किशोरभाईंचं गोंदियात पंपांचं दुकान आहे. सोबत त्यांची आईही होती. तिला सगळे बा म्हणत. बा सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं चिमणीएवढ्या. कांदा नाही, लसूण नाही, शिळं नाही, बाहेरचं नाही. त्यांच्या नातवाच्या लग्नात मी रांधलं होतं, तेव्हापासून घराबाहेर त्या फक्त माझ्या हातचं खात. नागपूरच्या विमानतळावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

‘महाराज, मैं तेरे भरोसे जा रही हूं. तू बीमार मत पड़ना.’

‘नहीं पड़ूंगा, बा.’

‘और किसी के हाथ का मेरे को देना मत.’

मी शब्द दिला. या धंद्यात कढई दुय्यम असते, खरा माल म्हणजे शब्द. माझ्या घरी कोंबडी शिजते, बोदलकशाच्या तळ्यातले मासे शिजतात, मी आवडीनं खातो. पण टूरवर असलो की मी त्या वाऱ्यालाही जात नाही. लोक माझ्या हाताकडे बघून घास घेतात.

तिथं मिन्ह नावाचा वाटाड्या होता, पन्नाशीचा, डोक्यावर कायम टोपी. हिंदी त्यानं भारतीय प्रवाशांकडूनच उचललेली. त्यामुळे त्याच्याजवळ ‘चलो चलो’, ‘जल्दी’, ‘बाथरूम किधर’ आणि ‘बहुत महंगा’ एवढी वाक्यं अगदी अस्सल होती. बाकीचं आम्ही तुटक इंग्रजीत भागवत होतो.

ज्या दिवसाची गोष्ट सांगतोय त्या दिवशी आम्हाला ह्वे नावाच्या शहरातून दानांगला जायचं होतं. हॉटेलात कुणाचं तरी लग्न होतं, त्यामुळे पहाटे मला शेगडी मिळालीच नाही. ठरलं असं की दानांगला दुपारपर्यंत पोहोचू, तिथं मी गरम खिचडी-कढी करीन. कुकर, डाळ-तांदूळ, सगळं सामान घेऊन छोटी गाडी पुढे गेली. बसमध्ये खाकऱ्या-थेपल्यांची एक पिशवी होती. ती शहराबाहेर पडायच्या आतच रिकामी झाली. बांनी त्यातलं काही घेतलं नाही, कारण थेपले आदल्या दिवशीचे होते आणि खाकरे विकतचे.

आणि मग बस बंद पडली. समोरून पांढरी वाफ निघाली, ड्रायव्हर खाली उतरला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. एका लहानशा गावाच्या वळणावर आम्ही उतरलो. सामानाची गाडी केव्हाच घाट ओलांडून गेली होती. मिन्हनं फोन केले आणि सांगितलं, दुसरी बस येतेय, वेळ लागेल. ऊन असं की आपल्याकडच्या मे अखेरच्या नवतपाची आठवण यावी, त्यात दमट.

दुपार कलली तेव्हा किशोरभाईंची बायको माझ्याकडे धावत आली. ‘महाराज, बा को पसीना आ रहा है. हाथ कांप रहे हैं.’

बांना मधुमेह. रोजच्या सवयीनं सकाळी साखर उतरवायची गोळी दिली गेली होती आणि पोटात काही नव्हतं. आम्ही त्यांना पाण्यात साखर घालून दिली, ते पाणी त्या प्यायल्या. घाम थांबला, हात मात्र थरथरतच होते. सोबतच्या मंडळीत एक औषध दुकानदार होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘शक्कर से थोड़ी देर चलेगा. पेट में अनाज जाना चाहिए.’

अनाज. माझ्या खिशात लवंग-वेलचीची डबी होती. एवढंच माझं स्वयंपाकघर.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘चाय! चाय का बोर्ड है!’

खरंच, रस्त्यापलीकडे एका हातगाडीवर लाल अक्षरात पाटी होती. इंग्रजीसारखीच अक्षरं, स्पष्ट वाचता येणारी : CHAY. आमची सगळी मंडळी रस्ता ओलांडून तिकडे. गाडीवर काचेची पेटी होती, पेटीत लांबुळके पाव, खाली कोळशाची शेगडी. मागे चाळिशीची एक बाई उभी, शंकूसारखी टोपी पाठीवर लोंबलेली. एकदम एवढे लोक पाहून ती दचकली.

‘दस चाय, शक्कर कम!’ किशोरभाई म्हणाले.

मिन्ह इतका हसला की खाली फुटपाथवरच बसला. मग डोळे पुसत त्यानं सांगितलं, त्यांच्या भाषेत चाय म्हणजे चहा नव्हे. चाय म्हणजे शाकाहारी.

मी जागच्या जागी थबकलो. ज्या मुलखात सगळ्या पदार्थांत घालतात त्या माशाच्या पाण्याचा वास सकाळपासून नाकात होता, तिथं एका हातगाडीवर पाटी लावून कुणीतरी शाकाहारी पाव विकत होतं! मी विचारलं, ही बाई रोज असंच विकते का? मिन्हनं तिला विचारलं. तिनं मागच्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मोठ्या आकड्याखाली एक बारका आकडा छापला होता, चंद्राच्या महिन्याचा. पंधरा.

‘फुल मून,’ मिन्ह म्हणाला. त्यांच्याकडे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी खूप लोक मांस-मासे खात नाहीत. बुद्धाचे दिवस. एरवी ही बाई डुकराचं मांस, अंडी असं सगळं पावात भरून विकते. या दोन दिवशी भांडीसुद्धा वेगळी काढते.

पौर्णिमा. माझी आई दवनीवाड्यात पौर्णिमा करते. मला तारीख-वार धड ठाऊक नव्हते त्या प्रवासात, आणि इथं एक परकी बाई मला तिथी सांगत होती.

पण माझं काम श्रद्धेवर चालत नाही. मी तिची एकेक बाटली उघडायला मागितली. तिनं उघडून दिली. काळं पाणी होतं त्याचा वास घेतला, सोयाबीनचं निघालं, माशाचं नाही. एका छोट्या भांड्यात पिवळसर वाटण होतं. मी प्रश्नार्थक पाहिलं तर तिनं मुठीत मूग आणि शेंगदाणे घेऊन दाखवले. तळलेलं टोफू होतं, म्हणजे सोयाबीनचं पनीरच. गाजर-मुळ्याच्या बारीक काड्या आंबट पाण्यात मुरवलेल्या, काकडी, हिरवी मिरची आणि सांबार. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. जुडी तिनं पाण्यात झटकली आणि वास आला तो थेट आमच्या आठवडी बाजाराचा.

शेवटचा प्रश्न कांदा-लसणाचा. मी शेजारच्या भाजीवालीकडून एक कांदा उचलला, तिच्यासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं फुली मारली. ती हसली. कांदा माझ्या हातातून घेतला, लसणाची एक गड्डीही उचलली, दोन्ही भाजीवालीच्या टोपलीत परत ठेवली आणि मिन्हला काहीतरी म्हणाली.

मिन्हनं सांगितलं, ‘शी सेज, चाय मीन्स नो ओनियन, नो गार्लिक. शी इज आस्किंग, हाउ यू नो?’

तुला कसं ठाऊक? हे ती मला विचारत होती. आणि मी तिला तेच विचारणार होतो. इतकी वर्षं मी गोंदियातल्या घरांत कांदा-लसणाशिवाय रांधत आलो, आणि मला वाटायचं ही रीत आपल्या चार गल्ल्यांपुरती. ती समुद्रापलीकडे एका कोळशाच्या शेगडीपाशी माझी वाट बघत उभी असेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं.

मी धावत बांकडे गेलो. त्या बंद बसच्या सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या.

‘बा, सब देख लिया. शुद्ध है. प्याज-लहसुन भी नहीं.’

‘किसने बनाया?’

‘एक बाई है, बा. आज पूनम का व्रत है इनका.’

बांनी डोळे मिटले. ‘अच्छी बात है. लेकिन मैंने तेरे को बोला था ना, किसी के हाथ का नहीं.’

किशोरभाईंनी आईला हात जोडले, चिडलेही. बा ढिम्म. म्हातारीचा हट्ट, असं कुणाला वाटेल. पण मी ओळखत होतो त्यांना. आयुष्यभर एक गोष्ट सांभाळलेल्या माणसाला भुकेच्या वेळी ती सोड म्हणणं सोपं नसतं, आणि बरंही नसतं.

मी परत गाडीपाशी आलो आणि मिन्हला म्हणालो, हिला विचार, एक पाव मी भरू का? माझ्या हातानं?

विचारताना मला लाज वाटत होती. धंद्याबाहेरच्या माणसाला यात काय ते कळणार नाही. चालू गाडीवर, ओळीनं गिऱ्हाइकं उभी असताना, परक्या माणसाला आपली जागा आणि आपली सुरी देणं, हे आमच्यात कुणी करत नाही. माझ्या ओट्यावर माझा सख्खा भाऊ उभा राहिला तरी मला खपत नाही.

मिन्हनं तिला सांगितलं. तिनं रस्त्यापलीकडे, खुर्चीतल्या त्या बारक्या म्हातारीकडे पाहिलं. मग गाडीखालून एक नवी फळी काढली. सुरी साबणानं धुतली, मग उकळत्या पाण्यातून काढली. माझ्या हातावर पाणी घातलं. स्वतःचा एप्रन सोडून माझ्या गळ्यात अडकवला आणि दोन पावलं मागे सरकून हात बांधून उभी राहिली. तिचं नाव होआ, म्हणजे फूल, हे मिन्हनं नंतर सांगितलं.

मी पाव उचलला आणि पहिला धक्का बसला तो वजनाचा. वजनच नव्हतं. मी आयुष्यात पाव-ब्रेड पुष्कळ हाताळलाय, आपल्याकडचा पाव हातात भरतो. हा रिकाम्या कणसासारखा. शेगडीवर धरला तर साल तडतडली. सुरी लावली तर धानाच्या वाळक्या तणसावर पाय पडावा तसा आवाज झाला आणि आत नुसतं पांढरं जाळं. होआनं मागून नुसत्या बोटानं खूण केली : पूर्ण कापू नकोस, एक कड जोडलेली ठेव. वाटण लावलं. टोफू ठेवला, काकडी ठेवली. मी गाजर-मुळा घ्यायला गेलो तर तिनं हवेत मूठ पिळून दाखवली. पिळून घातला. मिरची बांसाठी नको, ती वगळली. वर सांबार.

बांनी तो पाव हातात घेतला आणि खूप वेळ पाहिला.

‘तूने बनाया?’

‘मेरे हाथ से, बा. आप देख रही थीं ना?’

‘देख रही थी.’ मग त्यांनी रस्त्यापलीकडे होआकडे पाहिलं. ‘उसने अपनी जगह दे दी तेरे को?’

‘हां, बा.’

बांनी कपाळाला पाव टेकवला आणि पहिला घास घेतला. पडलेले दात, त्यामुळे कडेनं हळूहळू. सालीचा चुरा साडीवर पडत होता. अर्धा झाला, तसा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग म्हणाल्या, ‘नमक बराबर है.’ बांच्या तोंडून याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही. नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते मात्र मला अपेक्षित नव्हतं. ‘दूसरा उसको बोल बनाने को. उसके हाथ का.’

दुसरा पाव होआनं भरला. बांनी त्यातला अर्धाच खाल्ला, भूक तेवढी नव्हतीच, पण खाल्ला.

मग सगळी टोळी जेवली. होआचे हात मी तेव्हा पाहिले. कापणं, लावणं, भरणं, मिटणं, कागदात गुंडाळणं, रबर लावणं. एकही हालचाल वाया नाही, आणि घाई कुठंच नाही. मी लग्नात हजार पानं उठवलेला माणूस, पण त्या हातांपुढे मी शिकाऊ उमेदवार होतो. सगळ्यांत शेवटी तिनं एक पाव मिरच्या घालून भरला आणि माझ्यापुढे धरला. मी फुटपाथवर उकिडवा बसून खाल्ला. आधी साल फुटली, मग आंबट पाणी सुटलं, मग मुगाचं मऊ वाटण, मग मिरची कानापर्यंत गेली आणि शेवटी सांबारानं सगळं थंड केलं. एकाच घासात भाकर, भाजी, लोणचं, चटणी. आपण हे पान वाढून सगळीकडे पसरून ठेवतो. त्यांनी ते मुठीत मावेल असं करून ठेवलं होतं.

दुसरी बस आली. निघताना मिन्ह सहज म्हणाला, आमच्याकडे काही जण मैद्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळतात, म्हणून साल हलकी होते असं म्हणतात. तो ते सहज बोलला. पण मी धानाच्या मुलखातला माणूस. परतीच्या विमानात मला दुसरं काही सुचेना.

गोंदियाला आलो आणि रफीकभाईंच्या भट्टीवर जाऊन बसलो. रफीकभाईंची बेकरी जुनी, लाकडावरची. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘भाई, चावल से रोटी बनती है, पाव नहीं बनता.’ तरी लागले कामाला. पहिला पाव निघाला तो मी घरी नेला. बायकोनं, शकुननं, तो पाटावर आपटून पाहिला.

‘काऊन जी, हा खावाचा होय का मारावाचा?’

दुसऱ्या खेपेला तांदळाचं पीठ जास्त झालं, पाव फुगलाच नाही. तिसरा बाहेरून जळला आणि आत कच्चा. शकुन म्हणे, ‘मैदा वाया जाऊन राहिला, अना तुमी हासून राहिले. कायले करता असं?’ मला सांगता येईना. मग एकदा रफीकभाईंनी भट्टीत पाव टाकताना तापल्या विटांवर तांब्याभर पाणी फेकलं. वाफेचा लोट उठला. त्या दिवशी पाव बाहेर आल्यावर आपोआप तडतडायला लागला. आम्ही दोघं कान लावून ऐकत बसलो. रफीकभाई हळूच म्हणाले, ‘सुनो, बोल रहा है.’ होआच्या पावाच्या तो जवळपासही नव्हता. पण बोलत होता.

आत काय भरायचं हा पुढचा प्रश्न. पनीर भरून पाहिलं, मिळमिळीत. लाखोरीच्या डाळीचे वडे भरले, चव छान, पण घशाला कोरड पडे. घरच्यांसाठी एकदा बोदलकशाचा मासा तळून भरला, तो इतका झकास झाला की टूरवर देता येत नाही याचं वाईट वाटलं. शेवटी मार्ग काढला माझ्या आईनं, तिच्याही नकळत. तिनं कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या केल्या होत्या. पानाला बेसन-चिंचेचं वाटण लावून, गुंडाळी करून, वाफवून, चकत्या तळायच्या. दवनीवाड्यात घरोघरी होतात. मी त्या गरम चकत्या पावात भरल्या, मुळ्याच्या काड्या पिळून घातल्या, मिरची आणि सांबार. आईला अर्धा दिला. ती ओसरीत पाय पसरून बसली होती.

घरात आम्ही पोवारी बोलतो, पण वाचकांसाठी झाडीबोलीत लिहितो. आई म्हणाली, ‘वडी त माहीच आहे. पन हे कुठं जाऊन आली रे?’

जे मला इतके दिवस शकुनला सांगता आलं नव्हतं, ते आईनं एका वाक्यात सांगितलं होतं.

पुढे एका टूरवर पुन्हा तोच रस्ता आला. बरोबरची मंडळी निराळी, वाटाड्याही निराळा. मी आईकडून वाफवलेल्या वड्यांचे उंडे करून घेतले, तेल लावून डब्यात भरले आणि वाटाड्याला विनवून त्या गावात बस थांबवली. मनात धाकधूक होती, गाडी असेल का, बाई असेल का.

होआ होती. पण पौर्णिमा नव्हती. गाडीवर मांसाच्या चकत्या होत्या, अंडी होती, माशाच्या पाण्याची बाटली होती. आमची मंडळी बसमधून उतरलीच नाही. मी एकटाच उतरलो. मला वाटलं होतं तिला आठवणार नाही. तिनं मला पाहिलं, भुवया वर गेल्या, आणि तिनं हवेत मूठ पिळून दाखवली.

मी डबा उघडला. तिनं हिरवा उंडा हातात घेऊन फिरवला, वास घेतला, एक बारकी चकती कापून न तळताच चाखली. मग चायच्या दिवसांसाठीची वेगळी कढई आणि सुरी काढली. चकत्या तळल्या, मी दोन बोटं दाखवली तशा दोन्ही बाजूंनी लाल केल्या. पाव तापवला, मुगाचं वाटण लावलं, वड्या रचल्या, मुळा पिळला. अर्धा कापून मला दिला, अर्धा स्वतः घेतला. आम्ही दोघं उभ्यानं खात होतो. ती चावता चावता थांबली, डोळे मिटले, काहीतरी म्हणाली. वाटाड्या बसपाशी होता, त्यामुळे काय म्हणाली ते मला आजतागायत माहीत नाही. मी विचारायलाही गेलो नाही.

तेवढ्यात स्कूटरवर एक माणूस आला. पायात गमबूट, शेतातून आलेला असावा. त्यानं स्कूटर बंदही केली नाही, नुसतं एक बोट वर केलं. होआनं मांसाकडे हात नेला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हात वळवला. कढईतल्या उरलेल्या वड्या तिनं त्याच्या पावात भरल्या. त्याला काहीतरी सांगितलं, त्यानं खांदे उडवले, पाव घेतला आणि तिथंच एक मोठा घास मारला. थांबला. पावाच्या आत डोकावून पाहिलं. मग दुसरा घास मारला आणि एका हातानं स्कूटर वळवून, खात खातच, दुतर्फा कापणीला आलेल्या धानातून निघून गेला.

बसमधून मंडळी हाका मारत होती. माझ्या म्हाताऱ्या आईनं दवनीवाड्याच्या ओसरीत गुंडाळलेलं पान त्या माणसाच्या तोंडात होतं. पार वळणाआड जाईपर्यंत मी ती स्कूटर पाहत उभा होतो.